जुना ट्रायपॉड ठेवावा की काढून टाकावा?



आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कॅमेऱ्याच्या स्टँडवर काय बोलायचं? पण 'चांगली वस्तू म्हणजे काय' हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे, आणि तो हवेत सोडवण्यापेक्षा एखादी वस्तू समोर ठेवून सोडवला तर जास्त कळतो. जुना ट्रायपॉड त्यासाठी सोयीचा आहे. बऱ्याच घरांत माळ्यावर एखादा पडून असतो. कुणाच्या वडिलांचा, कुणाच्या मामाच्या फोटो स्टुडिओतला, कुणी जुन्या बाजारातून हौसेनं आणलेला. तो खाली काढला की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, जुनं ते सोनं, हल्लीच्या वस्तूंत दम नाही. दुसरा म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल. गंमत म्हणजे दोन्ही पक्षांनी अजून ट्रायपॉडचे पाय उघडून पाहिलेले नसतात!

दोघांचा तर्क एकाच साच्याचा आहे. 'हा जुना आहे, म्हणून हा असा असणार.' आपल्या न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. जो हेतू साध्य असतं तिथेही सापडतो आणि नसतं तिथेही सापडतो, त्याच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जुनेपणा मजबूत वस्तूंतही असतो आणि खिळखिळ्या वस्तूंतही असतो. 'पूर्वीच्या वस्तू कशा टिकाऊ होत्या' असं आपण म्हणतो, तेव्हा टिकलेल्या वस्तूच आपल्यासमोर असतात. न टिकलेल्या केव्हाच भंगारात गेल्या, त्या साक्ष द्यायला येत नाहीत. म्हणून वय बाजूला ठेवू आणि वस्तूलाच विचारू.

विचारायचे प्रश्न मात्र दोन आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत. पहिला, हा मजबूत आहे का? दुसरा, हा आपल्या कामाचा आहे का? मजबूत वस्तू बिनकामाची असू शकते, आणि साधारण वस्तू चांगली कामाला येऊ शकते. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की माणूस एक तर चांगली वस्तू टाकतो, नाहीतर वाईट वस्तूवर लाखाचा कॅमेरा ठेवतो.

आधी मजबुती घेऊ. साखर पाण्यात विरघळते, हा तिचा गुण आहे. पण डब्यातल्या कोरड्या साखरेकडे कितीही टक लावून पाहिलं तरी तो गुण दिसत नाही. पाणी घातलं की दिसतो. मजबुती हा त्याच जातीचा गुण आहे. 'हा मजबूत आहे' याचा अर्थ 'याच्यावर अमुक जोर आला तर हा अमुक इतकाच हलेल'. या वाक्यात एक 'तर' आहे. त्यामुळे नुसतं पाहून, रंगावरून, वजनावरून किंवा नावावरून मजबुती ठरत नाही. जोर लावून पाहावा लागतो. आणि कसला जोर लावायचा हे ठरवायला ट्रायपॉडचं काम काय आहे ते आधी कळायला हवं.

आपल्याला वाटतं, कॅमेरा पेलणं हे त्याचं काम. पेलायला काय, एक स्टूलही पेलतं. तीन पायांचा मोठा फायदा असा की तो कुठल्याही उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही. तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं. चार पायांच्या खुर्चीखाली आपण कागदाची घडी सारतो, तशी तिवईखाली सारावी लागत नाही. पण न डुगडुगणं वेगळं आणि न थरथरणं वेगळं. फोटो काढताना शटर उघडं असेल तेवढा वेळ कॅमेऱ्याची नजर एका जागी खिळलेली ठेवणं, हे ट्रायपॉडचं खरं काम.

ती किती खिळलेली हवी? थोडा हिशोब करू. ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. त्याच्या ३६ मिलिमीटर रुंदीत ६००० पिक्सेल बसवलेले असतात, म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.००६ मिलिमीटरचा. त्यावर २०० मिमीची लेन्स लावली, तर १०० मीटरवरच्या देवळाच्या कळसावरून कॅमेऱ्याची नजर ३ मिलिमीटर सरकली की चित्र एक पिक्सेल सरकलं. दहा पिक्सेल सरकलं की कळसावरची बारीक नक्षी पुसट झाली. १०० मीटरवर तीन सेंटिमीटर! आपल्या डोळ्यांना ट्रायपॉड एवढा हललेला कळणारसुद्धा नाही. 'हा तर अगदी ठाम उभा आहे' ही डोळ्यांची साक्ष इथे कमी पडते ती यामुळे.

हलवतं कोण? वारा हलवतो, लाकडी जमिनीवरून चालणारी माणसं हलवतात, बटण दाबणारं आपलं बोट हलवतं. एसएलआर कॅमेऱ्यात आतला आरसा वर उडतो, त्याचाही धक्का बसतो. हा धक्का साधारण १/६० सेकंद ते १ सेकंद या दरम्यानच्या फोटोंना जास्त नडतो. १/५०० सेकंदात थरथर फारशी पसरायला वेळच मिळत नाही, आणि दहा सेकंदांच्या फोटोत सुरुवातीची थरथर एकूण वेळेचा लहानसा भाग असते. मधला टप्पा अडचणीचा. म्हणून चांगल्या ट्रायपॉडकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. धक्का बसला तर तो कमी हलावा, आणि हललाच तर लवकर शांत व्हावा. पहिला ताठपणा, दुसरा थरथर जिरवण्याचा गुण. लाकूड या दुसऱ्या बाबतीत फार चांगलं. जर्मनीतली बेर्लेबाख ही कंपनी आजही ॲश झाडाच्या लाकडाचे ट्रायपॉड बनवते ते काही उगाच नाही. कार्बन फायबर हलकं असूनही ताठ असतं आणि थरथरही बऱ्यापैकी जिरवतं. गित्झो या फ्रेंच कंपनीने १९९४ साली कार्बन फायबरचे ट्रायपॉड आणले. पण माळ्यावरचा ट्रायपॉड बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, म्हणून त्याच्याबद्दलच बोलू.

आता ताठपणा कशातून येतो ते पाहू. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचं सोपं जातं.

पहिली, नळीची जाडी. नळीचा पत्रा तेवढाच ठेवून व्यास वाढवला, तर वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटरची नळी आणि २५ मिलिमीटरची नळी यांत बघायला फारसा फरक नाही, पण दुसरी जवळजवळ दुप्पट ताठ असते. म्हणून जुना ट्रायपॉड हातात आला की सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक नळी आधी बघा. पायाचे जितके जास्त तुकडे, तितकी शेवटची नळी बारीक.

दुसरी, नळी बंद आहे की उघडी. जुन्या स्वस्त ट्रायपॉडचे पाय पुष्कळदा बंद नळीचे नसतात, एका बाजूने उघड्या पन्हळीसारखे असतात. याने काय होतं ते घरी करून बघा. एक जाड कागद गुंडाळून त्याची नळी करा, कड चिकटवू नका, आणि दोन्ही टोकं धरून पिळा. सहज पिळली जाईल. आता कड डिंकाने नीट चिकटवा, वाळू द्या, पुन्हा पिळा. कागद तोच, वजन तेच, पण नळी आता दाद देत नाही. उघडी पन्हळ पिळाला फार कच्ची असते. अशा पायांवरचा कॅमेरा डावीकडे-उजवीकडे मान हलवल्यासारखा हलतो, आणि हेच हलणं फोटोला जास्त बाधतं.

तिसरी, मधला दांडा. हा वर केला की ट्रायपॉडच्या डोक्यावर आपण एक काठी उभी करतो. तळाशी घट्ट धरलेल्या काठीची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच जोराने तिचं टोक तत्त्वतः आठपट सरकतं. म्हणून उंचीची परीक्षा नेहमी दांडा खाली ठेवूनच करायची. तो खाली असताना कॅमेरा आपल्या छातीपर्यंत तरी येतो का? नसेल येत, तर दांडा कायम वर करावा लागेल आणि पायांची मजबुती फुकट जाईल.

'पण खोक्यावर ८ किलो लिहिलंय' असं कुणी म्हणेल. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की तेवढ्या वजनाने ट्रायपॉड बसणार नाही, घसरणार नाही. तो आकडा काढण्याची सगळ्या कंपन्यांची मिळून एकच ठरलेली रीत नाही, आणि थरथरीबद्दल तर तो काहीच सांगत नाही. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

आता परीक्षा. आपण वरून खाली जाऊ. हत्यारं साधी लागतात: ॲलन कीचा संच, पेन्सिल, जुना टूथब्रश आणि एक स्टीलची वाटी.

आधी पाय पूर्ण मिटवून नुसतं निरखा. तिन्ही पाय जिथे एकत्र येतात त्या ओतीव भागाला तडा असेल तर तिथेच थांबा, पुढे परीक्षा करायची गरज नाही. नळीला पोचा आला असेल तर आतली नळी अडकते. सांध्यांजवळ पांढरी पूड दिसली तर ते ॲल्युमिनियमचं गंजणं आहे. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्रालगत राहिलेल्या ट्रायपॉडला ही पूड हमखास असते. वरवरची असेल तर ब्रशने जाते, पण नळ्या एकमेकींत जाम झाल्या असतील तर जोर करू नका.

मग वरचे सांधे. एकेक पाय धरून आडवा हलवा. खटखट वाजलं तर बहुतेक वेळा नुसता बोल्ट ढिला असतो. ॲलन कीने आवळला की वर्षानुवर्षं 'खिळखिळा' म्हणून पडलेला ट्रायपॉड पाच मिनिटांत ताठ होतो. पाय उघडून हवेत धरला तर तो आपल्या वजनाने धपकन पडू नये, एवढा सांधा घट्ट असावा.

मग पाय लांब करणारे सांधे. ते दोन प्रकारचे, खटक्याचे आणि फिरवून आवळायचे. प्रत्येक पाय अर्धा लांब करा, सांध्याच्या कडेला नळीवर पेन्सिलीने खूण करा, आणि एकेका पायावर दोन्ही हातांनी वरून भार द्या. खूण नळीत गेली, तर सांधा घसरतो आहे. खटका असेल तर त्याचा स्क्रू थोडा आवळून पुन्हा बघा. फिरवून आवळायचा असेल तर तो उघडून आतलं प्लॅस्टिकचं बुश तपासा. बहुतेकदा वाळू आणि चिकट मळ साचलेला असतो. साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवा. तिथे खाद्यतेल, मशीनचं तेल असलं काही घालू नका, घट्ट धरायच्या जागेला तेल लावल्यावर ती घसरणारच. बुश चिरलेलं असेल आणि सुटा भाग मिळत नसेल, तर मात्र गंभीरपणे विचार करा.

शेवटी पायांची टोकं. रबर कडक होऊन चिरलेलं असतं किंवा गळून गेलेलं असतं. याने घाबरू नका. सर्जिकल वस्तूंच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या काठीला लावायची रबरी टोपणं मिळतात, मापाचं बघून तीन आणायची. आमच्या वयाच्या लोकांना ते दुकान माहीत असतंच!

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. ट्रायपॉड जितका उंच वापरायचा तितका उभा करा, त्यावर नेहमीचा कॅमेरा आणि असेल ती लांब लेन्स लावा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दहापट मोठं करा आणि दूरच्या एखाद्या पाटीवरचं अक्षर पकडा. मग एका पायावर बोटाने टिचकी मारा. अक्षर थरथरेल, आणि मनातल्या मनात मोजा. दीड-दोन सेकंदांत शांत झालं तर उत्तम, टायमर लावून काम होईल. पाच-सहा मोजूनही थरथरत असेल तर ती लेन्स या ट्रायपॉडवर लावू नका. मग कॅमेरा हलकेच डावी-उजवीकडे पिळून सोडा, मघाशी सांगितलेला पिळाचा कच्चेपणा इथे लगेच दिसतो. कॅमेरा हाताशी नसेल, जुन्या बाजारात उभे असाल, तर वरच्या सपाट चकतीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवा, टिचकी मारा आणि पाण्यावरचे तरंग बघा. ही परीक्षा ढोबळ आहे, पण दोन ट्रायपॉड शेजारी असतील तर त्यांतला फरक नक्की सांगते.

आता हेडकडे येऊ, कारण पुष्कळ चांगले ट्रायपॉड त्याच्यापायी बदनाम होतात. पाय आणि हेड या दोन वेगळ्या वस्तू आहेत असं समजून दोघांची परीक्षा वेगवेगळी करायची. हेड आवळून कॅमेऱ्याची चौकट एका ठिकाणी जुळवा आणि हात काढा. चित्र खाली उतरलं तर हेड मान टाकतंय. गोळ्याच्या हेडमध्ये जुनं ग्रीस घट्ट होऊन बसतं, तर तीन दांड्यांच्या हेडमध्ये दांड्यांचे आटे गेलेले असतात. आणखी एक भानगड असते प्लेटची. कॅमेऱ्याखाली लावायची जी चकती असते, ती बऱ्याच कंपन्यांची आपापल्या आकाराची. मॅनफ्रोटो या इटालियन कंपनीच्या जुन्या हेडना षटकोनी प्लेट लागते. माळ्यावरून हेड मिळतं, प्लेट मिळत नाही, आणि प्लेटशिवाय ते हेड म्हणजे किल्ली हरवलेलं कुलूप.

याउलट अमेरिकेतला टिल्टॉल बघा. मार्चिओनी बंधूंनी न्यू जर्सीत बनवलेला, पुढे १९७०च्या दशकात लाइट्झच्या नावाने विकला गेलेला हा सगळा धातूचा ट्रायपॉड. त्याला प्लेटच नाही, कॅमेरा थेट स्क्रूवर बसतो, त्यामुळे हरवायला काही नाही. पण त्याचं हेड मधल्या दांड्यालाच जोडलेलं आहे, नवीन हेड हवं म्हटलं तर सहज बदलता येत नाही. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष, आणि एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण. मॅनफ्रोटोचं हेड काढून नवीन बसवता येतं. वर कॅमेऱ्याला लागणारा पाव इंची स्क्रू आणि खाली हेडला लागणारा ३/८ इंची स्क्रू ही मापं इतकी जुनी आणि इतकी सर्वमान्य आहेत की पन्नास वर्षांपूर्वीच्या पायांवर आजचं हेड सरळ बसू शकतं. माप वेगळं असलं तर मधे घालायचं छोटं पितळी बुश मिळतं. त्यामुळे पाय ताठ आणि हेड वाईट असेल तर हेड बदला. हेड छान आणि पाय पन्हळीचे असतील, तर खर्च करू नका.

इथपर्यंत मजबुती झाली. आता दुसरा प्रश्न, उपयोग. ॲरिस्टॉटल म्हणायचा की वस्तूचं चांगलेपण तिच्या कार्यात शोधावं. ट्रायपॉडच्या बाबतीत त्यात एक भर घालावी लागते: कुणाच्या, कुठल्या कार्यात?

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, प्रकाश मंद आहे, म्हणजे ट्रायपॉडची सगळ्यात जास्त गरज तिथे. पण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. परवानगी नसेल तर जगातला सगळ्यात मजबूत ट्रायपॉडही गाडीतच राहणार. सह्याद्रीत भटकणाऱ्याला तीन किलोचा ट्रायपॉड दुसऱ्या चढणीलाच नकोसा होतो. व्हिडिओ करणाऱ्याला कॅमेरा संथ फिरवायचा असतो, त्याला जुनं फोटोचं हेड झटके देतं. उलट, आजचे कॅमेरे कमी प्रकाशात चांगलं काम करतात, आतून स्थिर करण्याची सोय देतात, त्यामुळे घरच्या समारंभाला ट्रायपॉड लागतच नाही. ट्रायपॉड तोच राहिला, भोवतालचं जग बदललं, आणि त्याचा उपयोग बदलला.

पण एक काम असं आहे जिथे जुना, जड, कुरूप ट्रायपॉड आजही राजा आहे. जुन्या पोथ्या, दफ्तरं, घराण्याची कागदपत्रं यांचे फोटो काढणं. फ्लॅश चालत नाही, खिडकीच्या उजेडात पाव किंवा अर्ध्या सेकंदाचा फोटो घ्यावा लागतो, म्हणजे मघाचा अडचणीचा टप्पाच. तासन्‌तास एकाच जागी उभं राहायचं, त्यामुळे वजनाची तक्रार नाही. आणि चूक परवडत नाही. घरी येऊन संगणकावर बघावं तर मोडी अक्षरं पुसट, आणि तोवर पोथी मालकाच्या कपाटात परत गेलेली. दुसऱ्यांदा ती दाखवतीलच याचा भरवसा नाही, तोवर वाळवी लागणार नाही याचा तर मुळीच नाही. या कामाला कॅमेरा खाली वाकवावा लागतो, तेव्हा एक पाय नेहमी लेन्सच्या दिशेला ठेवायचा, म्हणजे तोल त्या पायावर जातो आणि ट्रायपॉड पोथीवर पडत नाही. मधल्या दांड्याला पिशवी अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली असू द्या, लोंबकळणारी पिशवी स्वतःच झोके घेते.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, 'वडिलांचा ट्रायपॉड आहे, तुमच्या परीक्षेत नापास झाला, पण टाकवत नाही. काय करावं?'

प्रश्न चांगला आहे. वडिलांची आठवण म्हणून ठेवायला कसलीही परीक्षा लागत नाही, तो खुशाल ठेवा. फक्त त्या आठवणीवर कॅमेरा ठेवू नका. त्याच्यावर दिवा लावा, टिचकीच्या परीक्षेत दिव्याला काही होत नाही. आणि परीक्षेत तो पास झालेला असेल, तर मात्र त्याला शोभेला ठेवू नका. कुठल्याशा गावात कुणाकडे तरी फडक्यात बांधलेली एक पोथी पडून असेल, तिच्यासमोर तो नेऊन उभा करा.